तीस डॉलरचं तिकीट आणि पाडलेलं कुंपण

‘परवडत नसेल तर जाऊ नका, कुणी बळजबरी केलीय का?’ जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हापासून हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं याची मोजदाद नाही. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता संपली, मग तीच तिकिटं लाखांत मागितली गेली, आणि कुणी तक्रार केली की हे उत्तर तयार. माझ्या सख्ख्या भाच्याने हेच मला दीड वर्ष आधी सॅन फ्रान्सिस्कोत ऐकवलं होतं. आमच्या घरच्या बोलीत म्हणाला, “मामू, लोगां देने कू तयार हैं तो लेनेवाले की क्या गलती?” तेव्हा मला चटकन उत्तर सुचलं नाही. आता देतो.

पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं सोवळेपणाचं वाटेल. मी स्वतः एकदा तिकीट न काढता, पाडलेल्या कुंपणावरून कार्यक्रमात घुसलेला माणूस आहे. तारीख २ जुलै १९९५. जागा अमेरिकेत इंडियाना राज्यातलं नोबल्सव्हिल, तिथलं डीअर क्रीक म्युझिक सेंटर. बँड ग्रेटफुल डेड.

(संगीत हलाल की हराम हा प्रश्न घेऊन काही वाचक येतीलच. तो वाद मी इथे काढणार नाही. मी मिरजेचा आहे, सध्या एवढं उत्तर पुरे.)

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये सुरू झाला, १९९५ मध्ये संपला. तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम. गाणं लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहात गेलं ते एकदाच, १९८७ मध्ये, ‘टच ऑफ ग्रे’. म्हणजे रेडिओच्या जिवावर हा बँड कधीच जगला नाही, रेकॉर्डच्या विक्रीवरही फारसा नाही. जगला तो रस्त्यावर. आणि त्याच्या मागे रस्त्यावर जगणारे होते त्याचे चाहते, ज्यांना डेडहेड म्हणत. उन्हाळा आला की हे लोक जुन्या व्हॅन घेऊन निघत आणि एका गावाहून दुसऱ्या गावी बँडच्या मागे जात. वारीशी तुलना करण्याचा मोह मराठी माणसाला होणारच, पण वारकऱ्याला पोचायचं असतं ते एका ठिकाणी. इथे ठिकाण रोज बदलायचं.

मागे जायचं कशासाठी? तेच तेच ऐकायला? नाही. कारण हा बँड दोन रात्री सारखं कधीच वाजवत नसे. गाण्यांची यादी रोज वेगळी आणि एकच गाणं आज आठ मिनिटांचं, तर चार दिवसांनी वीस मिनिटांचं. जेरी गार्सियाची गिटार कुठून कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसायचं. ख्यालगायकीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मला वाटलं नाही.

माझ्या मुद्द्यासाठी संगीताइतकीच महत्त्वाची आहे ती या बँडची रीत. १९७१ च्या एका रेकॉर्डच्या आतल्या बाजूला त्यांनी चाहत्यांना आवाहन छापलं होतं, की तुम्ही कोण, कुठे आहात ते आम्हाला कळवा. पत्ते येत गेले, यादी वाढत गेली. १९८३ पासून बँडचं स्वतःचं तिकीट कार्यालय टपालाने तिकिटं विकू लागलं. हॉटलाइनवर तारखा ऐकायच्या, एका कार्डावर कुठला शो, किती तिकिटं ते लिहायचं, मनीऑर्डर जोडायची आणि आपला पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट आत घालायचं. लोक त्या पाकिटांवर रंगीत चित्रं काढत. मी मनीऑर्डर करायला पोस्टात गेलो तेव्हा मला मिरजेच्या पोस्टाची आठवण झाली होती, एवढा तो व्यवहार ओळखीचा होता. १९८४ पासून तर कार्यक्रम टेप करणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी जागाच राखून ठेवली. मायक्रोफोन उभे करा, टेप करा, एकमेकांना द्या, फक्त विकू नका. त्या काळात बाकीचे बँड टेपरेकॉर्डर दिसला की माणसाला बाहेर काढत होते.

मी १९९३ मध्ये शिकायला अमेरिकेत गेलो. विद्यावेतन महिन्याला आठशे डॉलर, त्यातले काही घरी. प्रयोगशाळेतल्या एका मित्राने अशाच टेपा ऐकवून मला नादी लावलं आणि १९९५ च्या उन्हाळ्यात त्याच्या जुनाट गाडीतून आम्ही निघालो. डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्सला जूनच्या शेवटी दोन रात्री. मग पिट्सबर्ग. तिथे पाऊस कोसळत होता आणि दुसऱ्या सत्रात बँडने पावसाचीच गाणी लावली. चिंब भिजलेल्या त्या स्टेडियममध्ये जी आरोळी उठली ती आजही माझ्या कानात आहे. तिकीट तीस डॉलरच्या आसपास. जेवण पार्किंग लॉटमध्ये, जिथे कार्यक्रमाआधी या लोकांचा बाजार भरायचा. बीन्स घातलेले बरिटो, भाजलेलं चीज सँडविच, रंगीत बांधणीचे शर्ट, मण्यांच्या माळा. शाकाहारी लोकच पुष्कळ, त्यामुळे हलालची चिंता अख्ख्या अमेरिकेत मला सगळ्यात कमी होती ती तिथे. गाडीच्या आडोशाला चादर अंथरून मगरिब पढलो तर शेजारच्या व्हॅनमधल्या बाईने मुलांना फक्त ‘हळू बोला’ म्हटलं.

सगळं सोज्वळ होतं असं भासवायचं नाही. नशा भरपूर होती आणि त्यापायी पोरं लांबलांब शिक्षा भोगत होती. कुणाच्या तरी घरातून पळून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं त्या लॉटमध्ये उपाशी हिंडताना मी पाहिली आहेत. १९८७ च्या त्या एका गाण्यानंतर गर्दी इतकी वाढली होती की पुष्कळ लोक गाण्यासाठी नव्हे, लॉटसाठीच येत. तिकीट नसताना एक बोट वर करून उभं राहायचं, म्हणजे कुणीतरी चमत्कार होऊन फुकट तिकीट देईल, अशी तिथली एक रूढी होती. त्याला ‘मिरॅकल’ म्हणत. होतही असे तसं. पण हजारो बोटं वर असली तर किती चमत्कार होणार?

२ जुलैचं तिकीट आमच्याकडे नव्हतं, ३ जुलैचं होतं. तरी गेलो. गार्सियाला कुणीतरी ठार मारण्याची धमकी दिली होती, म्हणून आतले दिवे मालवले नव्हते, हे नंतर कळलं. आम्ही बाहेर होतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर हिरवळीच्या मागचं लाकडी कुंपण हलायला लागलं. लोक त्यावर चढत होते, आतले हात देऊन ओढत होते, टाळ्या वाजवत होते. मग फळ्या निखळल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. हजारो लोक आत गेले आणि त्यांत मी होतो. कुणी ढकललं नाही. माझ्या पायांनी गेलो, एका पडलेल्या फळीवर पाय ठेवून. एका पोलिसाच्या कपाळावरून रक्त येताना पाहिलं आणि तरी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रद्द झाला, कारण पोलिसांनी बंदोबस्त द्यायला नकार दिला. ज्या तिकिटासाठी मी मनीऑर्डर केली होती ते तिकीट मीच बाद केलं होतं. बँडच्या सगळ्यांनी सह्या करून चाहत्यांना पत्र लिहिलं. तिकीट नसेल तर येऊ नका, नाहीतर आमचा फिरता संसार संपेल, असा त्याचा आशय. सेंट लुइसच्या लॉटमध्ये ते वाचून माझा मित्र रडला. मला रडू आलं नाही, लाज वाटली. त्याच मुक्कामी पावसापासून आडोसा घेणाऱ्या चाहत्यांच्या अंगावर एका तळावरचं छत कोसळून शंभराहून अधिक लोक जखमी झाले. ९ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला. ठीक एक महिन्याने, ९ ऑगस्टला, गार्सिया गेला. वय ५३.

आता भाच्याच्या युक्तिवादाकडे येतो. तो हुशार आहे, त्याला हा इतिहास ठाऊक होता. त्याचा पहिला टोला असा, की स्वस्त तिकिटाचा आणि मोकळ्या दाराचा शेवट तुम्ही लोकांनी कुंपण पाडून केला, मग आता महाग दाराबद्दल बोलायचा तुम्हाला काय अधिकार? टोला वर्मी आहे. पण कुंपण पाडलं ते तिकीट महाग होतं म्हणून नव्हे, जागेपेक्षा माणसं जास्त होती म्हणून. जागेला मर्यादा असते आणि कुंपण लागतं, हे मी कुणापेक्षाही जास्त मान्य करतो. प्रश्न असा आहे की त्या कुंपणाच्या आत कुणाला घ्यायचं हे कशावर ठरवायचं. डेडने ते ठरवलं पोस्टाच्या पाकिटावर आणि नशिबावर. आज ते ठरतं खात्यातल्या शिल्लकेवर. दोन्ही कुंपणंच. पण पहिल्या कुंपणापुढे विद्यार्थी आणि डॉक्टर सारखेच उभे होते.

दुसरा युक्तिवाद मागणी-पुरवठ्याचा. ज्याला जास्त हवंय तो जास्त देतो, म्हणून किंमत जास्त. साफ खोटं. ज्याच्याकडे जास्त आहे तो जास्त देतो. ‘हवं असणं’ आणि ‘असणं’ या दोन गोष्टी एक आहेत असं मानलं की मग या सगळ्या अर्थशास्त्राचा हिशेब छान जुळतो. आठशे डॉलरवर जगणारा माणूस तीस डॉलर देतो तेव्हा त्याने किती हवेपण मोजलं, हे कुठल्या संगणकाला कळतं?

तिसरा युक्तिवाद जरा बरा आहे. म्हणतात, काळाबाजारवाले ते पैसे घेणारच होते, मग कलाकाराने का घेऊ नयेत? मागणी पाहून किंमत आपोआप चढवणारी पद्धत याच सबबीवर आली. २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या दौऱ्याची काही तिकिटं या पद्धतीने चार-पाच हजार डॉलरवर गेली. कामगारांची गाणी गाणारा माणूस! ‘बॅकस्ट्रीट्स’ नावाचं त्याच्या चाहत्यांचं एक नियतकालिक १९८० पासून चालू होतं. तब्बल ४३ वर्षं त्याच्या पाठोपाठ चाललेल्या त्या लोकांनी २०२३ च्या सुरुवातीला तिकिटांच्या किमतींमुळे मन उडालं म्हणून ते बंद केलं. चोर माझं घर लुटणारच आहे म्हणून घरच्या माणसाने आधी लुटावं, हा कुठला न्याय? आणि दुसरा मार्गच नव्हता असंही नाही. त्याच वर्षी द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथने चढत्या किमती नाकारल्या, शक्य तिथे तिकीट दुसऱ्याला विकण्यावर बंदी घातली, वीस डॉलरच्या तिकिटावर त्याहून जास्त सेवाशुल्क लागतंय हे दिसताच जाहीर आरडाओरडा केला आणि टिकेटमास्टरला त्यातले थोडे पैसे परत करायला लावले. थोडेच, पाच ते दहा डॉलर. पण यावरून एक कळलं की किंमत आभाळातून पडत नाही, कुणीतरी ‘हो’ म्हटल्याशिवाय ती चढत नाही.

सगळे काही स्मिथ नसतात आणि एकट्याने लढून काय होतं तेही दिसलं आहे. पर्ल जॅमने १९९४ मध्ये अमेरिकन न्याय खात्याकडे टिकेटमास्टरविरुद्ध तक्रार केली, त्यांचे दोघे जण संसदेच्या समितीपुढे साक्षीला गेले. मागणी काय होती? तिकीट वीस डॉलरच्या आत राहावं. १९९५ च्या जुलैमध्ये, म्हणजे मी कुंपण ओलांडलं त्याच महिन्यात, न्याय खात्याने कारवाई न करता चौकशी बंद केली. २०१० मध्ये टिकेटमास्टर आणि लाइव्ह नेशन या कंपन्या एक झाल्या आणि मे २०२४ मध्ये त्याच न्याय खात्याने मक्तेदारीबद्दल त्यांच्यावर खटला भरला. एकोणतीस वर्षं लागली. तेवढ्यात एका पिढीची तरुणाई सरली.

पण मला खरं भांडायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ही गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. आजची तिकिटाची किंमत ‘एकदा’साठी बांधलेली असते. आयुष्यात एकदा बघा, पैसे जमवा, कर्ज काढा, फोटो काढा. एकदा कुणीही कसंबसं देऊ शकतो, म्हणून ती किंमत वाजवी भासते. बँडच्या मागे जाणं मात्र ‘एकदा’चं काम नाही. त्याला दहा संध्याकाळी लागतात. तीस डॉलरने दहा संध्याकाळी होतात तीनशेत. तीनशेला एक या भावात एकच होते. म्हणजे नव्या व्यवस्थेने चाहत्याला नुसतं महाग केलं नाही, त्याची जातच संपवली. आता फक्त गिऱ्हाईक उरलं.

आणि याने गाणंसुद्धा बदलतं. हे नीट समजून घ्या. ज्याने पन्नास हजार रुपये मोजले त्याला वाईट रात्र चालत नाही. त्याला ठरलेली गाणी, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या क्षणी उडणारी कागदी फुलं हवीत, आणि त्यात त्याचं चुकत नाही, त्याने तेवढे मोजलेत. १९९५ च्या त्या उन्हाळ्यात गार्सिया अनेक रात्री शब्द विसरत होता, डोळ्यांपुढे पडद्यावर लिहून ठेवलेले असूनही विसरत होता. मी ऐकलेल्या शोंपैकी निम्मे तरी सुमार होते. आम्ही काय केलं? पुढच्या गावी गेलो. तीस डॉलरच्या तिकिटात कलाकाराला चुकण्याची मुभा होती, आणि ज्याला चुकायची मुभा आहे तोच गाणं आठ मिनिटांवरून वीस मिनिटांवर नेण्याचं धाडस करतो.

हे मला अमेरिकेत शिकावं लागलं नाही. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्ये ते गेले. उरुसात तिथे मोठमोठे गवई-वादक हजेरी लावतात, रात्ररात्र गाणं चालतं, आणि तिकीट नाही. आमचे अब्बा मला मांडीवर घेऊन बसत. पहाटे तीनला एखाद्या बुजुर्गाचा आवाज लागेना झाला की कुणी उठून जात नसे. अब्बा हळूच म्हणत, “ठहर, अब लगेगा.” कधी लागे, कधी नाही लागे. पैसे परत मागायला पैसे दिलेलेच कुठे होते?

यावर माझा भाचा म्हणेल, कलाकाराने उपाशी राहायचं का? आता रेकॉर्ड कुणी विकत घेत नाही, कमाई दौऱ्यातूनच होते. बरोबर आहे, उपाशी राहू नये. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दौऱ्यांमधून सर्वाधिक कमावणाऱ्या बँडांत ग्रेटफुल डेड होता, याच तीस डॉलरच्या तिकिटावर आणि टेपा फुकट वाटू देऊन. कारण तोच माणूस पुन्हा पुन्हा येत होता.

या बँडच्या उरलेल्यांपैकी काही जण २०१५ पासून ‘डेड अँड कंपनी’ म्हणून वाजवू लागले. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी शेवटचा दौरा केला. त्यानंतर २०२४ मध्ये ते लास व्हेगासच्या ‘स्फिअर’मध्ये मुक्काम ठोकून बसले, एकाच इमारतीत तीस कार्यक्रम. तिथे बँड हलत नव्हता, चाहत्याने विमानाने यायचं, हॉटेलात राहायचं. इमारतीच्या छतभर पसरलेल्या पडद्यावर जुन्या दिवसांची चित्रं फिरत होती म्हणे. लॉटमधल्या त्या उपाशी पोरांना या रचनेत जागा कुठे होती, हे शोधून सापडलं तर मला कळवा.

सॅन फ्रान्सिस्कोतला तो शेवटच्या दौऱ्याचा शेवटचा मुक्काम होता, १४ ते १६ जुलै २०२३. मी तेव्हा बहिणीकडे गेलो होतो. भाचा मोठ्या हौसेने म्हणाला, मामू, मी काढतो तिकिटं, तुम्ही फक्त बघा. एका संकेतस्थळावर, नाव घेत नाही, त्याने दोन जागा निवडल्या. तो कार्डाचा नंबर भरत होता तेवढ्यात पडद्यावरची रक्कम बदलली. पुन्हा भरला, पुन्हा बदलली. दोन जागांची जी रक्कम झाली ती मी माझ्या विद्यार्थिदशेत दोन महिने जगलो असतो एवढी होती. तो तरी भरायला तयार होता. मीच लॅपटॉप मिटला. तेव्हाच ते वाक्य आलं, लेनेवाले की क्या गलती.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तरी स्टेडियमपाशी गेलो, बाहेरून ऐकायला. खाडीकडून गार वारा येत होता. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा फुटपाथवर उभं राहून मी एक बोट वर केलं. बावन्न वर्षांचा, दाढी पांढरी झालेला माणूस. भाचा लाजून चार पावलं लांब जाऊन मोबाइल बघू लागला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग फिकट झालेल्या बांधणीच्या शर्टातला एक म्हातारा समोरून आला, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा असेल. मला वाटलं, याच्याकडे आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि स्वतःचं बोट वर करून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.